कॅमेऱ्याने मान वळवली

ती दुपार आठवली की आजही अंगावर काटा येतो, आणि स्वतःची लाजही वाटते.

मी तेव्हा सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सत्तरीची एक बाई जीपने आली आणि म्हणाली, “साहेब, घरातला क्यामेरा माझ्यासंगं बोलून राहिला. मी एकटी असले की बोलतो.” हवालदारांनी माना खाली घालून हसू दाबलं. मी तेवढंही केलं नाही, मोकळेपणाने हसलो. चहा पाजून तिला परत पाठवलं. स्टेशन डायरीत नोंदसुद्धा घेतली नाही.

आठ दिवसांनी ती लंगडत पुन्हा आली. अंगणात उजवा पाय मुरगळला होता म्हणे. त्याच सकाळी, कामावर जाण्याआधी, चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या मुलाचा मला फोन आला होता. आई एकटी राहते म्हणून त्यानेच ओसरीत कॅमेरा बसवून घेतला होता. त्याच्या मोबाइलवर आई दिसायची, तिच्याशी बोलताही यायचं.

“साहेब, आईचं डोकं फिरलंय. मी त्यातून रविवारीच बोलतो, अन् ती म्हणते रोज कोणी बोलतंय. येत्या रविवारी तिला वेड्यांच्या दवाखान्यात भरती करून राहिलो,” तो म्हणाला. पोरगा रडायच्या बेतात होता.

या वेळी मी स्वतः जबाब घेतला. काय बोलतो कॅमेरा?

“म्हणतो, म्हातारे, आज परत भात सांडला. म्हणतो, उठू नको, बस तिथंच. मधीच हसतो.”

नोकरीत एक गोष्ट कळते. रचून सांगणारा माणूस दुसऱ्या खेपेला थोडं वाढवून सांगतो. हिने आठ दिवसांपूर्वीचंच, तेवढंच सांगितलं. “माझं डोकं बराबर हाय साहेब. मला तिथं नेऊ देऊ नका,” ती म्हणाली आणि हात जोडले. तेव्हा कुठे मी जागचा उठलो.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ती ओसरीत तुरी निवडायला बसली. मी दाराआड, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा उभा राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बारीक घरघर झाली आणि भिंतीवरच्या त्या पांढऱ्या गोळ्याने सावकाश मान वळवली. म्हातारीवर येऊन तो थांबला.

“आज कुठं गेली होती गं? घर रिकामं दिसलं.”

पुरुषाचा आवाज. घोगरा, अगदी निवांत. म्हातारीने वर पाहिलं नाही. तिचे हात तेवढे थांबले.

मला राहवलं नाही, मी पुढे झालो. कॅमेरा माझ्याकडे वळला, वर्दीवर क्षणभर थांबला आणि हळूच भिंतीकडे तोंड करून बसला. मी विहिरीतून मुडदे काढलेला माणूस, पण त्या वेळी माझी बोबडी वळली.

लगेच कारखान्यात फोन लावला. तिथे कामगारांचे मोबाइल गेटवरच जमा होतात. मुलाचाही सकाळपासून तिथेच होता. म्हणजे बोलणारा दुसराच कोणी. हिंगोलीच्या सायबर शाखेने तपासलं, तर त्या कॅमेऱ्याच्या खात्यात आणखी एक मोबाइल जोडलेला निघाला. पासवर्ड कोणी टाकला, असं मी मुलाला विचारलं.

“दुकानदारानं. मीच म्हटलं, तुमीच टाका, माझ्या ध्यानात राहत न्हाई.”

“नंतर बदलला?”

“काहून बदलायचा?”

दुकानदार कनेरगाव नाक्यावरचा. चाळिशीचा, सभ्य, आम्ही पंच म्हणून बोलवायचो त्यातला. चौकशीत ठाम होता. वर्षापूर्वी कॅमेरा बसवला, त्यानंतर त्या घराकडे फिरकलोही नाही, म्हणाला. मी म्हटलं, “म्हातारीचे हाल आहेत हो. परवा डावा पाय मुरगळला.”

“उजवा,” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला.

त्याच्या मोबाइलमध्ये एकाखाली एक घरं होती. ओसऱ्या, अंगणं, पाळणे. सगळ्यांना पासवर्ड एकच, त्याच्या दुकानाचं नाव.

“काहून केलं?” हवालदाराने विचारलं.

“दुपारी गिऱ्हाईक नसतं. ती घाबरायची, पण ओरडायची न्हाई. मग बघत बसायचो.”

खुनी माणूससुद्धा काहीतरी कारण देतो. याच्याजवळ एवढंच होतं.

गुन्हा नोंदवला, मोबाइल जप्त केला, घराचा पंचनामा झाला. यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन आम्ही पासवर्ड बदलून घेतले आणि नवा मोबाइल जोडायचा तर मालकाला ओटीपी यावा, अशी सोय करून दिली. मुलगा रविवारी आला तो आईच्या पाया पडायला.

त्यानंतर म्हातारी एकटीच ठाण्यात आली. खुर्चीवर बसली नाही. “साहेब, एक इचारू? माझी न्हाणी क्यामेऱ्यासमोरच हाय. नुसतं अर्धं गोणपाट लावलेलं. त्याला दिसत होतं का?”

मी हसून घालवलेले ते आठ दिवस माझ्यापुढे उभे राहिले. तक्रार कितीही वेडगळ वाटो, आधी लिहून घ्यायची, हे मला शिकायला इतकी नोकरी आणि ही बाई लागली. ‘कॅमेऱ्यातून न्हाणी स्पष्ट दिसते’, हे पंचनाम्यात मीच लिहिलं होतं. तो कागद टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता.

“नाही मावशी,” मी म्हणालो.

तिला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं.