हात कुणाचा?

तारआप्पांनी दौंडच्या आपल्या घराची बेल स्वतःच काढून टाकली होती. दाराशेजारी दोन वायरी नुसत्या लोंबत असायच्या. कारण विचारलं की म्हणायचे, "बेल कुणीबी दाबली तरी एकच वाजती. चोर आला काय आन् जावई आला काय. कडी वाजवली की माणूस कळतो." आणि ते खरं होतं. मी कडी वाजवली की आतून "ये, स्मिता" असं यायचं, दूधवाल्याला "थांब, पातेलं आणतो" असं, आणि अनोळखी माणसाला काहीच नाही. त्याला खिडकीच्या फटीतून नुसतं न्याहाळलं जायचं. बहुतेक जण कंटाळून निघून जायचे.

आप्पा रेल्वेत तारबाबू होते. कट्ट-कडकट्ट करत या स्टेशनाच्या बातम्या त्या स्टेशनाला पाठवण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली. पुढे तारा बंद झाल्या आणि उरलेली नोकरी कारकुनीत गेली, पण मूळ सवय काही सुटली नाही. आलेली तार शब्द न् शब्द परत वाजवून दाखवायची, पलीकडच्याने 'बरोबर' म्हटलं की मगच ती पोचली, असा त्यांचा नियम. त्याला ते 'पोच' म्हणत. हा नियम त्यांनी सगळ्या दौंडला लावला होता. रिक्षावाल्याने "पाच मिनिटांत येतो" म्हटलं की आप्पा म्हणणार, "पाच मिनिटांत येतो. बरोबर?" बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला तर त्याला त्याचंच नाव तीनदा सांगायला लावायचे, आणि त्याने वैतागून फोन ठेवला की बायकोकडे, म्हणजे आमच्या काकींकडे, जिंकल्यासारखं बघायचे. काकी म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट दूर झाला तवाबी ह्यांनी आधी भटजीला इचारलं हुतं, नवरी हीच का म्हणून."

मी त्यांच्या शेजारची. डिप्लोमा करत असताना मला लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम सापडला. त्यात ना चित्रं ना बटणं. नुसती काळी खिडकी. तिच्यात प्रोग्रामचं नाव लिहायचं, पुढे मजकूर टाइप करायचा आणि एंटर दाबायचा. मजकुराच्या तारेतल्यासारख्या टिंब-रेघा होऊन त्या पिप-पीप वाजायला लागायच्या. आप्पांना थक्क करावं म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेले आणि इंग्रजी अक्षरांत त्यांचं नाव टाइप केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग लॅपटॉप उचलून खालून पाहिला.

"आत कोण हाय?"

"कुणी न्हाई आप्पा, प्रोग्राम हाय."

"मंग ह्याच्यावर इस्वास कसा ठिवायचा?"

मला हसू आलं. मी हौसेने मराठी अक्षरांत 'आप्पा चहा घ्या' असं टाइप केलं. एंटर दाबला, आणि काहीच वाजलं नाही. चूक झाली, असंही पडद्यावर आलं नाही. प्रोग्रामला देवनागरी येत नव्हती, म्हणून तो गुपचूप सगळी ओळ सोडून मोकळा झाला होता. आप्पांचा चेहरा खुलला. "गिळलं," ते म्हणाले. "आम्हाला एक अक्षर कळलं न्हाई तर आम्ही परत मागायचो. ह्यानं अख्खी तार गिळली आन् वर शहाजोगावानी बसलंय." मी प्रोग्रामची बाजू घ्यायला गेले, पण बाजू घेण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांचा खरा आक्षेप मात्र वेगळाच होता. त्या आवाजात हात नव्हता. प्रत्येक तारबाबूची वाजवण्याची एक लकब असते, तिला ते हात म्हणायचे. कधी तोंड न पाहिलेल्या माणसांचे हात त्यांना पाठ होते. कोण घाईचा, कोण घरी भांडून आलाय, कोण आज भेदरलाय, हे त्यांना टिंबांच्या मधल्या जागेवरून कळायचं. त्यांचे वडील राहू गावचे, मेंढरं राखणारे. "बापाला कळपातलं दर मेंढरू वरडण्यावरनं कळायचं," आप्पा सांगत, "मला हात कळत्यात. तोंड खोटं बोलतं, हाताला तेवढं जमत न्हाई."

मग त्यांनी मलाच शिकवायला घेतलं. मी दोन बझर जोडून आणले, एक त्यांना, एक मला. इंग्रजी अक्षरांत मराठी, ही तारेची जुनी रीत. सहा महिन्यांनी मला जमायला लागलं, तरी माझा 'एल' काही सुधारला नाही. त्याचं शेवटचं टिंब मागे रेंगाळायचं. "तुझा एल लंगडतोय," आप्पा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे तसाच. ओळखायला बरा." पुढे मला रांजणगावला एका कारखान्यात मेन्टेनन्सची नोकरी लागली आणि मी शिरूरला खोली घेतली. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की मी आप्पांना फोन लावायचे आणि बझर फोनपाशी धरायचे. दोन ओळी जायच्या, पोच यायची. त्या दोन ओळींची मला सवय लागली होती.

आप्पांची लेक सुनीताताई शिरूरलाच दिलेली. काकी तिच्याकडे आठ दिवसांसाठी आल्या आणि तिथेच आजारी पडल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की काही खरं नाही. आप्पांची स्वतःची छाती दोनदा दुखून झालेली, म्हणून ताईने त्यांना फोनवर साधा ताप म्हणून सांगितलं. आप्पांना अर्थातच पटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "स्मिताला वाजवायला सांग."

ताई माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. "त्यांचं काय झालं तर मी दोघांना कुठं कुठं बघू?" मी बझर हातात घेतला. पण बोटं थरथरत होती, आणि या हाताने वाजवलं तर पहिल्या शब्दाला त्यांना कळणार, हे मला ठाऊक होतं. मी लॅपटॉप उघडला, काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'काकी बऱ्या आहेत, दोन दिवसांत घरी', आणि तो आवाज रेकॉर्ड करून त्यांना पाठवून दिला. हात वापरायला नको म्हणून मी मशीन वापरलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात शहाणपणाचं आणि सगळ्यात हलकं काम.

त्या दिवशी पोच आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आप्पा शिरूरला, ताईच्या शेजाऱ्यांना विचारत थेट दवाखान्यात हजर. हातात पिशवी, पिशवीत काकींचं जाड लुगडं. "आप्पा, तुम्ही कसं काय?" ताईने विचारलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हात कुणाचा हुता?"

मी खांद्यावरची लॅपटॉपची बॅग मागे सरकवली.

"बरी असती तर तूच वाजवलं असतंस," ते म्हणाले आणि आत गेले.

काकी त्यानंतर चार दिवस होत्या, त्यातले दोन शुद्धीवर. ते दोन दिवस आप्पा खाटेजवळून हलले नाहीत. काकी हळू आवाजात काहीतरी सांगायच्या, आप्पा ते परत म्हणून दाखवायचे आणि काकी मान हलवायच्या. मी दाराबाहेरून ते बघत होते आणि मला माझीच शरम वाटत होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता तर हे दोन दिवस त्यांना मिळालेच नसते.

ते मला रागावले नाहीत. पण मी दौंडला जाऊन कडी वाजवली तेव्हा आतून आवाज आला, "कोण हाय?" माझी कडी त्यांना कळली नसेल, हे शक्यच नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांनी फटीतून पाहिलं आणि मग दार उघडलं. पुढचं वर्षभर दर वेळी हेच झालं. चहा मिळायचा, बोलणं व्हायचं, पण दारात आधी नाव सांगावं लागायचं. मी संध्याकाळी बझर वाजवायचे. पलीकडून फोन उचलला जायचा, पोच मात्र येत नव्हती.

मग आप्पाच आजारी पडले. दौंडच्या दवाखान्यात मी गेले तेव्हा खोलीबाहेर ताई भेटली. "डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. त्यांना काही बोलू नको," ती म्हणाली. आत आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दारावर टकटक केली.

"ये, स्मिता," ते म्हणाले.

मी जवळ बसले. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त तळहात वर करून माझ्यापुढे ठेवला. ताई दारातून बघत होती. मी त्यांच्या हातावर बोट टेकवलं, टिंबाला थोडं आणि रेघेला जास्त दाबत एक एक अक्षर लिहिलं: 'वेळ कमी आहे'. माझं बोट कापत होतं आणि या वेळी मी ते कापू दिलं.

आप्पांनी माझा हात आपल्याकडे ओढला आणि तीच तार माझ्या तळव्यावर परत पाठवली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं, फक्त 'वेळ'मधला एल त्यांनी मुद्दाम लंगडा वाजवला.