भामाची उभी चूल

मोबाईल कानाला न लावता तोंडासमोर धरून ओरडते. चहा बशीतूनच पिते. दाराशी इतरांच्या चपला दिसल्या की त्या जोडीने लावते. भाकऱ्या मोजत नाही, तरी तिचा आकडा चुकत नाही. आणि वाकायचं झालं की थेट कमरेतून वाकते, गुडघ्यांना म्हणून तसदी देत नाही.

गव्हाणच्या चौसष्ट वर्षांच्या भामाला या शेवटच्या सवयीनेच आडवं केलं. शनिवारी सकाळी तांदळाची गोण ओढताना ती वाकल्या वाकल्या बाजूला वळली आणि तिथेच अडकली.

"आई, उठा ना," सून अंकिता घाबरून म्हणाली.

"उठता येत असतं तर गोणीला काय नमस्कार करत बसले असते?"

नात भाविकाची हळद शुक्रवारी होती. आगऱ्यांच्या हळदीला पाचशे माणूस सहज जमतं आणि प्रत्येकाच्या ताटात तांदळाची भाकरी लागतेच. त्या आळीत गेली तीस वर्षं हळदीच्या चुलीवर पहिली भाकरी भामाची. ती तव्यावर पडल्याशिवाय दुसरी बाई पिठाला हात लावत नसे.

जाऊ गुणाबाई धावत आली. तिने भामाच्या कमरेला जुनं लुगडं करकचून बांधलं. "आता आठ दिस हलायचं नाय!"

भामा दोन दिवस हलली नाही. सोमवारी कंबर नुसतं लाकूड झाली. गुणाबाई हळूच म्हणाली, "पहिली भाकरी मी टाकीन गो. तू जिवाला लावून घेऊ नको."

भामाने भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी माडीवरची भाडेकरू मिताली खाली आली. ती खारघरच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकत होती. तिने आधी विचारलं, पायाला मुंग्या येतात का? पायातली ताकद गेल्यासारखी वाटते का? लघवीवर ताबा आहे ना?

"घरात नातीची हळद, नि तू माझ्या लघवीचं इचारतेस? तसलं काय नाय!"

"तसं काही असतं तर आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात नेलं असतं, मावशी. नाही ना? मग उठा. पडून राहूनच आखडलंय सगळं."

लुगडं सुटलं. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन उठायचं. तासातासाने ओटी ते फाटक पाच मिनिटं चालायचं. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून कमरेला लावायची. झोपताना गुडघ्यांखाली उशी. मंगळवारी भामा फाटकापर्यंत गेली. बुधवारी आळीच्या टोकापर्यंत! वाटेत तिघींना थांबवून तिने कुशीवर वळायचं कसं, ते हातवारे करून दाखवलं.

पण चुलीपुढे मांडी घालून दहा मिनिटं बसली आणि कळ आली. मिताली म्हणाली, जमिनीवर तासन्‌तास बसणं सध्या बंद. मग भाकरीचं काय? मितालीच्या पुस्तकात चूल नव्हती.

भामा परसात गेली. बांधकामातल्या उरलेल्या विटांकडे बघत उभी राहिली.

"मी खाली जायची नाय ना? मग चूल वर येल!"

गुरुवारी मुलगा प्रितेश विटा उचलत होता आणि भामा हुकूम सोडत होती. "गुडघ्यात बस! वीट पोटाशी धर! वळू नको, पाय फिरव!" चुलीवरचा तवा तिच्या कोपराच्या जरा खाली येईल एवढा चौथरा झाला. वर पत्रा, पत्र्यावर मातीचा थर, त्यावर चूल.

शुक्रवारी दुपारी बायका जमल्या आणि हसून लोळायच्या बाकी राहिल्या. गुणाबाईचा आवाज सगळ्यांत वर. "चूल हाय का बँकेचा काऊंटर? टोकन घेऊ काय गो?"

भामाने उकडीचा गोळा मळला, उभ्यानेच दोन्ही तळव्यांवर थापत थापत फिरवला. आगरी भाकरी हातावरच थापतात, तिला परात लागत नाही. आयुष्यभर हातांनी उभ्याने करता येईल असं काम ती बसून करत आली होती! भाकरी तव्यावर पडली. उलटली. टम्म फुगली.

आळीत आनंदाचा एकच आरडाओरडा झाला.

थोड्या थोड्या वेळाने भामा एक फेरी मारून येई आणि पुन्हा चुलीशी उभी राही. अंधार पडायच्या सुमारास खालच्या चुलीशी बसलेली गुणाबाई कमरेवर हात दाबत उठली. "सरक जरा." ती बुटकी. तव्यापर्यंत हात नेताना तिचे खांदे कानाला लागले.

"भामा, मला एक ठेंगणी बांधून दे ना."

"काऊंटर नको होता ना तुला?"

"देतेस का जाऊ?"

लग्न आटोपल्यावर भामाने गुणाबाईच्या परसात काम सुरू केलं. जावेला उभी करून कोपराची उंची मापली, तेवढ्या उंचीवर भिंतीला कोळशाची खूण केली. पण तोवर बातमी शेजारच्या न्हावा गावापर्यंत गेली होती. तिथल्या एका हळदीच्या घरून टेम्पो आला, भाकरीवाल्या बायकांसाठी चार उभ्या चुली मांडून द्यायच्या होत्या. भामा पदर खोचून ड्रायव्हरशेजारी चढली.

गुणाबाईच्या परसात विटांचे तीन थर झालेत. चौथ्यात दोनच विटा आहेत आणि घमेल्यात कालवलेली माती तशीच वाळते आहे.