थोरली पाती

गेल्या दिवाळीत देवासला कुठल्या भागात उतरायचं हे ठरवायला मी आठ दिवस घातले, आणि शेवटी ते ठरवलं दुसऱ्याच कुणीतरी. मी धारला शाळेत हिंदी शिकवते. माझं शिक्षणही सगळं हिंदीतच झालं, मराठी काय ती घरात बोलण्यापुरती. त्यामुळे या लिहिण्यात चुका निघतील, त्या वाचणाऱ्यांनी पदरात घ्याव्यात. तशीही ही हकीकत माझ्या एका चुकीचीच आहे.

आम्ही आईला अक्का म्हणतो. श्रावणात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. महिन्याभराने थोडा आवाज फुटला, पण शब्द आले ते दोनच: थोरली पाती. भूक लागली तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच. पण कधीकधी ती माझा हात धरायची, डोळ्यांत बघायची आणि हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून म्हणायची. तेव्हा ती खरोखरच काहीतरी मागते आहे हे कळायचं. हिंदीत पाती म्हणजे पत्र, थोरली पाती म्हणजे मोठं पत्र. जुन्या कवितांत हा शब्द आला की मुलांना मीच फळ्यावर अर्थ लिहून देते. मला शंकासुद्धा आली नाही. मी अक्काची ट्रंक उपसली, बाबांची पत्रं काढली आणि सगळ्यांत लांबलचक पत्र निवडून मोडकंतोडकं वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी दुसरं पत्र काढलं, तिसरं काढलं. पुढे पुढे ती माझ्या हातात कागद दिसला की डोळेच मिटून घ्यायला लागली. जेवण तर जवळजवळ सुटलंच. दोन चमचे पेज गेली तरी नशीब. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

अक्काचं माहेर देवासचं. देव्हाऱ्यात तिने तिथल्या टेकरीवरच्या देवीची तसबीर ठेवलेली आहे. त्या दिवसांत मी तिच्यापुढे दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. सरळ रुसले होते म्हणा ना. जन्मभर जिने तुझं नाव घेतलं तिची जीभच तू काढून घेतलीस, असं मी तसबिरीला बोलूनही दाखवलं. बोलल्यावर भीती वाटली, पण शब्द मागे घेतले नाहीत.

पुण्याहून भावाचा फोन आला की दिवाळीच्या सुट्टीत तो, वहिनी आणि मुलगी येताहेत, आपण सगळे मिळून अक्काला चार दिवस देवासला नेऊ. उतरायची जागा तू बघ म्हणाला. मला असली कामं दिली की मी कामाला लाल पेन लावते. स्टेशनजवळ नको, गोंगाट. टेकरीच्या पायथ्याशी नको, गर्दी आणि अरुंद गल्ल्या. जुन्या गावात नको, लिफ्ट नाही. शेवटी बायपासवरचं एक हॉटेल पसंत केलं, तीनदा फोन करून चाकाची खुर्ची आत जाते ना ते विचारून घेतलं. अक्काला कुठे राहायला आवडेल हे विचारायचं मला सुचलंच नाही. विचारून ती काय सांगणार होती?

आम्ही व्हॅन भाड्याने घेऊन निघालो, चालवायला भाऊच होता. गव्हाच्या पेरणीचे दिवस, उन्हात ओल्या मातीचा वास होता. इंदूर मागे पडलं आणि मागे बसलेल्या सगळ्यांनाच पेंग आली. मला स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं, गाडी चालते आहे आणि आपण कुठेच जात नाही असं. मग दूरवर टेकरी दिसली आणि अक्का ताठ झाली. डावा हात काचेवर आपटत ती ओरडू लागली, थोरली पाती, थोरली पाती. मी म्हटलं, हो अक्का, शोधते मी पत्र. त्यावर ती रडायलाच लागली, लहान मुलासारखी, आवाज न आवरता. भावाने घाबरून गाडी पायथ्याच्या रस्त्याला घेतली आणि एका नारळ-चुनरीच्या दुकानापुढे थांबवली.

दुकानातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आपणहून आली. "क्या हो गया माताजी को?"

मी म्हटलं, "बीमार हैं। कोई पुरानी चिट्ठी माँगती हैं, मिल नहीं रही।"

तिने खिडकीतून वाकून अक्काचं बोलणं नीट ऐकलं आणि हसली. "चिट्ठी नी माँग री दीदी। बड़ी पाँती के री हैं। इत्ती भी नी समझीं? देवास में दो राजा थे नी, तो गाँव आधा-आधा। इधर बड़ी पाँती, उधर छोटी पाँती। तुम लोगों में थोरली बोलते हैं। माताजी को अपने मोहल्ले जाना है।"

इतकी वर्षं मी मुलांना शब्दांचे अर्थ शिकवते आणि माझ्या आईच्या तोंडचे उरलेले दोन शब्द मला एका नारळवालीने समजावून सांगितले. अक्का घरात नुसतं देवास म्हणायची, आजोबा तर फार पूर्वीच गाव सोडून गेले होते. पण हे कारण मी स्वतःलाच देत होते. भाऊ म्हणाला, "ताई, हॉटेलचं काय?" मी म्हटलं, "राहू दे ते. आता अक्का सांगेल तिकडे."

त्यानंतरचा अर्धा तास मला अजून नीटसा खरा वाटत नाही. अक्काला पुढे बसवलं. ती डाव्या हाताचं बोट उचलायची आणि भाऊ तिकडे गाडी वळवायचा. संध्याकाळचं पिवळं ऊन भिंतींवर होतं, ओट्यांवर पणत्या वाळत होत्या, कुठेतरी अनारसे तळल्याचा वास येत होता. गल्ल्या ओळखीच्या नसूनही मला मुळीच भीती वाटली नाही. एका छोट्या राममंदिरापाशी बोट खाली आलं. मंदिराची व्यवस्था बघणाऱ्या बाई बाहेर आल्या आणि जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "यावं, यावं. खालच्या दोन खोल्या आहेत, पाहुण्यांसाठीच ठेवतो आम्ही." पायरी एकच होती. खुर्ची आत गेली.

खोलीच्या खिडकीतून टेकरी अशी दिसत होती की देवीपुढे वेगळं जायला नको. अक्का किती वेळ बघत बसली. मग तिने डावा हात उचलला, लुळ्या उजव्या हाताला धरून छातीशी आणला आणि दोन्ही हात जोडले. त्या बाईंनी ताटलीत मऊ भात आणि वरण आणलं होतं. मी चमचा पुढे केला. अक्काने तोंड उघडलं. ताटली संपली तेव्हा बाईंनी आणखी वाढलं, तेही ती जेवली. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी मी त्या नारळवालीला नमस्कार करायला गेले. खरं तर ती सापडणार नाही असं मनात कुठेतरी धरून चालले होते. ती होती तिथेच, चुनऱ्या घड्या करत. मी कालची आठवण दिली तर म्हणाली, "कौन-सी माताजी, दीदी? यहाँ तो सब अपनी माताजी को लेके ही आते हैं।" तिला काही आठवत नव्हतं. मी नारळ घेतला, टेकरीवर गेले आणि किती तरी महिन्यांनी देवीपुढे हात जोडले. मागायला काही सुचलं नाही, म्हणून नुसती उभी राहिले.

अक्काची वाचा परत आली नाही. ती जेवते, आणि नळीचं नाव आता कुणी काढत नाही. परवा भाऊ फोनवर विचारत होता की यंदा सुट्टीत कुठे जायचं, कुठल्या भागात उतरायचं. मी म्हटलं, मला नको विचारूस, आणि फोन अक्काच्या कानाशी धरला. तिने तेच दोन शब्द सांगितले. दोन महिने ती मला पत्ता सांगत होती आणि मी पत्रं वाचत बसले होते.