आधी सूड, मग बाकीचं

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजबाई म्हणत. चौतीस वर्षं ती विंगेत, तिसऱ्या पडद्याआड, एका बिनपाठीच्या स्टुलावर बसली. मांडीवर नाटकाची वही आणि वहीवर तळहाताएवढा उजेड पाडणारा दिवा. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानात पोचवायचा, आणि तोही असा, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला वाटावं नटानं नुसता श्वास घेतला. हे काम सोपं नाही. मोठ्यानं ओरडणारे पैशाला पासरी मिळतात. जिथं ऐकू जायला हवं तिथंच जाईल असं बोलणारं माणूस लाखात एक.

तिचा एक नियम होता. नट थांबला म्हणून लगेच तोंड उघडायचं नाही. ते थांबणं अभिनयाचंही असू शकतं. मनात सावकाश दहा मोजायचे, त्याच्या मानेकडे बघायचं, आणि मान विंगेकडे वळायला लागली की शब्द सोडायचा.

कंपनीचा मुख्य नट होता दादा. नट मोठा, यात वाद नाही. रंगमंचावर नुसता उभा राहिला तरी मागचा पडदा फिका पडायचा. पण पाठांतराच्या नावानं शंख. त्याच्या गाजलेल्या नाटकात शेवटी एक स्वगत होतं. घर सोडून निघालेला म्हातारा उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, "या घरानं मला कधी आपलं म्हटलं नाही, आणि तरीसुद्धा याची वीट न् वीट मला नावानं ओळखते." दादा दर प्रयोगाला 'म्हटलं नाही'पाशी येऊन उभा राहायचा, जसा बैल ओढ्यापाशी. मग विंगेतून 'आणि तरीसुद्धा' यायचं, आणि गाडी पुढे जायची. लोकांना तो थांबा फार आवडायचा. समीक्षक लिहायचे, काय ती जीवघेणी स्तब्धता!

हे सगळं तिनं पोटात ठेवलं होतं. विंगेतलं विंगेत. कंपनी बंद झाली, नवरा गेला, ती नणंदेबरोबर दोन खोल्यांत राहायला लागली, तरी तिनं कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

मग एका रविवारी पेपरात दादाची मुलाखत आली. पंचाहत्तरीनिमित्त त्याचा मोठा सत्कार ठरला होता. त्यात त्यानं सांगितलं होतं, "मी आयुष्यात कधी प्रॉम्प्टर वापरला नाही. विंगेत एक बाई बसायची खरी. पण बिचारीचं घर अडचणीत होतं, म्हणून दयेपोटी ठेवलेली. झोपा काढायची."

तिनं ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"झोपा," ती म्हणाली.

"काय झालं गं?" नणंदेनं विचारलं. नणंद आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासत आलेली. छापखान्याचा गाशा गुंडाळला तेव्हा मालकानं एक जुना कॉम्प्युटर तिच्या गळ्यात मारला होता.

"वन्सं, तुमचा तो खोका मला हवाय."

तिच्या डोक्यात सगळं एका क्षणात मांडून झालं होतं. कंपनीच्या ध्वनीवाल्यानं दाराची टकटक, घोड्यांच्या टापा अशा आवाजांसाठी विंगेत एक माइक कायम टांगून ठेवलेला असे, आणि त्या माइकवरचं सगळं टेपमध्ये भरलं जाई. प्रेक्षागृहाच्या मागून प्रयोगाचं चित्रीकरण व्हायचं ते वेगळं. तिनं ध्वनीवाल्याला फोन केला.

"बाई, मी वाटच बघत होतो," तो म्हणाला. "पेपर मीही वाचला. तुमचा आवाज आहे माझ्याकडे. अकरा प्रयोग सापडतायत. चित्र आणि टेप, सगळं एका डिस्कवर उतरवून देतो. पण जोडायचं तुम्ही. माझे हात आता थरथरतात."

बेत साधा होता. चित्रात दादाचे ओठ, टेपवर तिची कुजबुज. दोन्ही जागच्या जागी जुळवायचं, म्हणजे आधी कोण बोललं ते आंधळ्यालाही दिसेल. आणि ते दादाच्याच सत्कारात, दादासमोर, भरल्या सभागृहात दाखवायचं. हातात दिवस होते एकोणीस.

डिस्क यायलाच तेरा दिवस गेले. तिनं पहिला प्रयोग लावला आणि कपाळाला हात लावला. चित्र उचकी लागल्यासारखं चालत होतं. दादा उंबऱ्यावर उभा, मग एकदम दाराबाहेर, मग पुन्हा उंबऱ्यावर. ओठ कधी हलले आणि आवाज कधी आला, काही मेळ लागेना. असं दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, दादा बोलतोय आणि बाई मागून पोपटासारखी घोकतेय. म्हणजे झोपेच्या जोडीला चोरीही नावावर.

"यात चित्र चालवणारं ग्राफिक्स कार्ड चांगलं दणकट आहे," नणंद म्हणाली. "पण त्याचा ड्रायव्हर बसवलेला नाही. मला मेलीला अक्षरं वाचायची असतात, मला कशाला लागतोय?"

"ड्रायव्हर म्हणजे?"

"म्हणजे… कार्ड हा नट समज. ताकद आहे, पण पुढचं काय करायचं ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा तो ड्रायव्हर."

"म्हणजे प्रॉम्प्टर!"

"म्हण बाई तसं."

"तरीच अडखळतंय मेलं," ती म्हणाली, आणि पदर खोचला.

कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चाले. नणंदेला त्यात पत्र लिहिता येई, छापता येई. त्यापुढं तिचीही पाटी कोरीच. तेव्हा बाईनं नव्या माणसानं करावी तीच चूक केली. कार्ड बनवणाऱ्यांच्या पानावर जाऊन एक भली मोठी फाइल उतरवली, कुठल्याशा अनोळखी माणसानं लिहिलेल्या सूचना डोळे मिटून पाळल्या, आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडदा काळा. नुसता काळा नाही, मिट्ट. कोपऱ्यात एक छोटी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"वहिनी! माझ्या खोक्याचा जीव घेतलास!"

"ओरडू नका वन्सं. नाटक पडलं तरी पडदा उघडतो दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी तुझ्या हाताला माऊस लागू देत नाही मी."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदच फोनवर एक पान उघडून बसली. चालू करताना एक कळ दाबून धरली की दुरुस्तीची एक वाट उघडते, तिथून आदल्या दिवशीचा उकिरडा काढून टाकता येतो, असं त्यात होतं. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ड्रायव्हर बाहेरून आणू नका, लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातून घ्या.

"मी वाचते, तू टाइप कर," नणंद म्हणाली. "कळा शोधायला माझे डोळे पुरत नाहीत."

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच दुसरं कुणी सांगत होतं आणि कुजबुजबाई करत होती. हे तिला इतकं विचित्र वाटलं, की पहिला हुकूम तिनं दोनदा विचारून घेतला.

"पुढं?"

"सुडो."

तिनं टाइप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, असा कुठला हुकूमच नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. नणंदेनं फोन खाली ठेवून पडद्यावर वाकून बघितलं, आणि प्रूफं तपासणाऱ्या बाईचा पारा चढला.

"एस, ओ, ओ, डी? हे काय लिहिलंयस? सूड?"

"तुम्हीच म्हणालात की सूड."

"सुडो! एस, यू, डी, ओ! म्हणजे मालकाच्या अधिकारानं कर, असं सांगायचं त्याला. ते आधी नसेल तर तो जुमानत नाही."

बाई खुर्चीत मागं टेकली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

"म्हणजे आधी सूड म्हणायचं, आणि मग बाकीचं. बरोबर आहे की! वन्सं, हा खोका आपल्यातलाच आहे."

त्यानंतर तिचे हात चुकले नाहीत. दर ओळीच्या सुरुवातीला ती तो शब्द दात आवळून उच्चारायची आणि मग टाइप करायची. पासवर्ड घालताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा नणंद म्हणाली, कळा बिघडल्या. बाई म्हणाली, "बिघडल्या नाहीत. त्याला ऐकू जातंय. बाकीच्यांना दिसायचं कारण नाही." आणि खरंच तसं होतं.

उकिरडा निघाला. भांडारातला ड्रायव्हर उतरला. शेवटी कॉम्प्युटरनं एक नवा पासवर्ड ठरवून मागितला आणि सांगितलं, पुन्हा चालू करताना निळा पडदा येईल, तिथं या नव्या पाहुण्याची नोंद करा.

निळा पडदा आला. वर एक ओळ आली: कुठलीही कळ दाबा.

आणि इथं बाईची अख्खी हयात आडवी आली. समोरचा थांबलाय. थांबला म्हणून आपण लगेच तोंड घालायचं नाही. तिनं हात मांडीवर ठेवले आणि मनात मोजायला सुरुवात केली. निळा पडदाही आकडे मोजत होता, तो उलटा. ती दहावर पोचली तेव्हा तो शून्यावर पोचला, आणि अंतर्धान पावला.

"दाबली का नाहीस कळ?"

"त्याला पुरतं थांबू दिलं."

"अगं, तो तुझ्यासाठी थांबला होता!"

ड्रायव्हर उतरला होता, पण नोंद नाही म्हणून दाराबाहेरच राहिला. चित्राची उचकी कायम. चार दिवस उरले होते. बाई पाणी प्यायली, पुन्हा खुर्चीत बसली, दात आवळून तो शब्द म्हणाली आणि नोंदीचा हुकूम नव्यानं दिला. यावेळी निळा पडदा दिसताक्षणी तिनं कळेवर असं बोट मारलं, की नणंदेनं दचकून खुर्ची मागं घेतली. नोंद करा. होय. पासवर्ड. पुन्हा चालू.

तिनं प्रयोग लावला. दादा उंबऱ्यात उभा होता. उभाच राहिला, उचकी नाही, उडी नाही. ओठ मिटलेले, मान कणभर उजवीकडे. टेपवरून तिचाच तीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, 'आणि तरीसुद्धा', आणि मग, मगच, दादाचे ओठ हलले.

"अगंबाई," नणंद हळूच म्हणाली. "हा माणूस तर रेडिओ होता नुसता. स्टेशन तू."

तीन दिवसांत तिनं आठ मिनिटांची फिल्म जोडली. शेवटच्या स्वगताचे अकराच्या अकरा प्रयोग एकापाठोपाठ. एकही शब्द मधे घातला नाही, नाव नाही, खुलासा नाही. फक्त कुजबुजीचा आवाज ऐकू येईल इतका वाढवला. सत्कार समितीच्या चिटणिसाला पेनड्राइव्ह नेऊन दिला तेव्हा तो म्हणाला, "बाई, दादांबद्दल दोन शब्द गोड बोललात ना?"

"माझ्या पदरचं एक अक्षर नाही त्यात. सगळी त्यांचीच वाक्यं."

सत्काराला सभागृह भरलं होतं. ती नणंदेबरोबर चौथ्या रांगेत बसली. हार झाले, भाषणं झाली, मग दिवे मंदावले. पहिल्या कुजबुजीला लोकांना कळलं नाही. दुसरीला माना वळल्या. चौथीला कुणीतरी फिसकन हसलं, सातवीला अख्खी मागची बाजू हसत होती, आणि अकरावीला कुणीच हसत नव्हतं, कारण तोवर सगळ्यांना हिशेब लागला होता. जीवघेणी स्तब्धता अकरा वेळा उलगडून त्यांच्यापुढं ठेवलेली होती. चिटणीस पांढराफटक पडला होता.

पण दादा तो दादाच. दिवे लागले तेव्हा तो टाळ्या वाजवत उभा होता. माइक घेतला आणि मोठ्यानं हसला.

"वा! जुन्या माणसांची थट्टा! कुठल्याशा टेपा, कुठलासा आवाज, हल्ली मशीनवर काय वाट्टेल ते जोडता येतं. पण मंडळी, आज विंग रिकामी आहे. बघून घ्या. मशीन नाही, बाई नाही. ऐका."

आणि त्यानं खांदे पाडले, मान झुकवली, आणि खरंच सांगायचं तर क्षणभर तिथं पंचाहत्तरीचा सत्कारमूर्ती उरला नाही. घर सोडून निघालेला म्हातारा उभा राहिला. बाईच्या मनात आलं, संपलं सगळं. जिंकतोय हा.

"या घरानं," दादा म्हणाला, "मला कधी आपलं म्हटलं नाही…"

आणि थांबला.

नणंदेनं तिचं मनगट पकडलं. बाई हलली नाही. दादाची मान कणभर उजवीकडे वळली. विंग त्यानंच सांगितल्याप्रमाणं रिकामी होती. बाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. आयुष्यात एवढं अवघड काम तिनं केलं नव्हतं.

तेवढ्यात कुठूनतरी मागून, बहुधा शेवटच्या रांगेतून, एक कुजबुज आली. मग बाईच्या शेजारून, मग बाल्कनीतून. आठ मिनिटांत अकरा वेळा ऐकलेलं कुणाला पाठ होणार नाही? चारशे माणसांनी एकदमच दबक्या आवाजात दादाला पुढचा शब्द दिला:

"आणि तरीसुद्धा…"

दादाचा चेहरा उतरत गेलेला तिनं नीट, शेवटपर्यंत बघितला. घाई केली नाही. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला आणि कसंबसं म्हटलं, "आणि तरीसुद्धा… याची वीट न् वीट मला ओळखते."

"'नावानं' खाल्लं बघा, वन्सं," बाई म्हणाली. कुजबुजली नाही. चांगली खणखणीत म्हणाली, आणि पुढच्या तिन्ही रांगा वळून बघायला लागल्या.