खिडकीवरचा सोयरा

"खाणीत माझा आवाज कुणाला टोचला नाही, सिस्टर, तिथं मी घंटेनं बोलायचो."

मुकुका कापासो हे म्हणाला तेव्हा सिस्टर नामुकोलोला वाटलं, हा आपली बाजू मांडतोय. पुढं कळलं, तो नुसतं खरं काय ते सांगत होता. मुफुलिराच्या तांब्याच्या खाणीत एका जुन्या शाफ्टच्या, खोल उभ्या विहिरीच्या, तोंडाशी त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. माणसांचा पिंजरा जमिनीच्या पोटात जायचा आणि वर यायचा, आणि त्याच्या हातात घंटेची दोरी असायची. वर, खाली, थांब. आत दगड असले तर एक खूण, माणसं असली तर दुसरी. माणसांच्या खुणेवर यंत्रवाला पिंजरा हळू सोडायचा. एवढीच भाषा, आणि तीत त्यानं कधी चूक केली नाही.

मग शाफ्ट बंद पडला. बायकोच्या मावसभावानं शब्द टाकला आणि मुकुका दवाखान्याच्या शवागाराच्या खिडकीवर आला. घरचे लोक यायचे, नाव सांगायचे, तो आतून ट्रॉली आणायचा, चादर वर करायचा, विचारायचा, "हेच?" आणि ते हो म्हणाले की, "न्या."

हेच. न्या. त्याचा आवाज खडी ओतल्यासारखा होता. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका रडता रडता थांबून त्याच्याकडे बघायच्या. या माणसाचा आपण काय अपराध केला, असं त्यांना वाटायचं. दवाखान्याच्या या मागच्या बाजूचा कारभार नामुकोलोकडे होता. ती पश्चिमेकडची, लोझी जमातीची, बोलणं नदीच्या पाण्यासारखं संथ. तिनं त्याला दोनतीनदा बाजूला घेऊन, नावाआधी मानाचं 'बा' लावून सांगितलं.

"बा मुकुका, जरा मऊ बोला."

"मऊ म्हणजे कसं?"

ती पुन्हा बाकावरच्या बायकांकडे वळली.

तो काम सोडायच्या बेतात होता. थंडीच्या दिवसांत तांबं वितळवायच्या भट्टीचा धूर खाली बसतो, घसा धरतो, आम्ही त्याला सेंटा म्हणतो. अशा एका सेंटाच्या सकाळी तो दाराशी खोकत उभा होता आणि आपणहून म्हणाला, "खाणीत पाठवलेला माणूस संध्याकाळी परत वर यायचा, सिस्टर. मी मोजायचो मनात. इथं काय? इथून नुसतं पाठवायचं. परत कुणी यायचं नाही. हे कसलं काम?"

वीस वर्षांच्या नोकरीत हाच प्रश्न नामुकोलोनं स्वतःला विचारायचं टाळलं होतं.

आणि मग शाळेतल्या फिरी मास्तरांचा प्रकार झाला.

आमच्याकडे बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींचे लोक एकमेकांचे थट्टेचे सोयरे. पणज्यांच्या पणज्यांनी एकमेकांवर भाले उगारले, आणि पुढं ते वैर कुणी तरी शहाणपणानं चेष्टेत मुरवलं. बेंबानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीनं बेंबाला माकडखाऊ. ताटातला मासा उचलायचा, बायको पळवीन म्हणायचं, आणि रागवायचं कुणी नाही. मयतीत तर सोयऱ्यावाचून अडतं. सगळे रडत असताना तोच एकटा हसवतो, मेलेल्याची नक्कल करतो, आणि घरच्यांना हुकूम सोडतो. त्याचा हुकूम मोडत नाहीत.

त्या दिवशी खिडकीवर पूर्वेकडचं नाव आलं. फिरी. मुकुका बेंबा; त्याला वाटलं, झालं, हे आपले न्गोनी. मऊ बोला, मऊ बोला म्हणून सिस्टर पाठीस लागली होती, आणि त्याला माहीत असलेलं मऊ बोलणं हे एवढंच. तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आलात का उंदीरखाऊंनो! म्हातारी इतकी जड कशी? एकटीनंच सगळी बिळं रिकामी केलेली दिसताहेत!"



फिरी चेवा निघाले, पूर्वेकडचेच, पण वेगळ्या जमातीचे. चेवांचं आणि बेंबांचं असलं काही नातं नाही. ती मास्तरांची आई होती. ते पुढं आले आणि अगदी हळू म्हणाले, "आम्ही तुझे कोण? पूर्वेकडचा दिसला की सगळे एकाच टोपलीत घालता तुम्ही. माझ्या आईला तू काय म्हणालास ते परत म्हण."

मुकुकानं डोकं आत घेतलं. त्याच्या हातातून ट्रॉलीचा दांडा सुटला.

तक्रार वर गेली. या माणसाला महिनाअखेरीपर्यंत बघा असं ठरलं, आणि ठेवायचा की काढायचा हे नामुकोलोनं सांगायचं. तोवर खिडकीवर थट्टा बंद. तांब्याच्या गावात बंद शाफ्टवरच्या पन्नाशीच्या माणसाला दुसरं काम मिळत नाही. हे तिला माहीत होतं, त्यालाही होतं, आणि म्हणून दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती. रविवारी तो कोंबडी घेऊन मास्तरांच्या घरी गेला, अंगणात खाली बसला, रीतीप्रमाणे हलक्या टाळ्या वाजवून माफी मागितली. मास्तर बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि कोंबडी परत दिली. हे त्यानं सांगितलं नाही, नामुकोलोला शेजारणीकडून कळलं.

राजधानीहून, लुसाकाहून, एक बाई आल्या, लोकांशी कसं बोलावं ते शिकवायला. मुकुका मागच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा, फोटो काढायला बसल्यासारखा. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हसून बोला म्हटलं, डोळ्यांत बघा म्हटलं, आणि एक वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घेतलं: "तुमच्या दुःखात आम्ही मनापासून सहभागी आहोत, मी आपली काय मदत करू शकतो?" जाता जाता त्या आणखी एक बोलल्या, की समोरचा कोण आहे हे आपल्याला आधीच कळलंय असं समजू नका, विचारा. हे त्यांनी फळ्यावर लिहिलं नव्हतं, तेव्हा बहुतेकांनी ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवसापासून मुकुका ते वाक्य म्हणू लागला. खडी तीच, फक्त ओळीनं रचलेली. ट्रॉली ढकलणारा कासोंदे म्हणायचा, "दादा, तुझं ऐकून मेलेलासुद्धा नमस्कार करून उठेल." मुकुका हसायचा नाही. त्याला कुणी बोलू नको म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

महिना संपत आला तेव्हा जेरे आले.

झाकेयो जेरे म्हणून एक म्हातारा वारला होता. सकाळी लॉरी आली, शवपेटी आली, बायका चितेंग्याचं छापील कापड कमरेला आवळून रांगेनं जमिनीवर बसल्या. आणि खिडकीसमोरच भांडण पेटलं. म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ पूर्वेला चिपाटाकडच्या गावाहून रात्रंदिवस प्रवास करून आलेला. तो म्हणत होता, भाऊ गावच्या मातीत जाईल, बापाशेजारी. थोरला मुलगा म्हणत होता, इथंच. आयुष्य इथं गेलं, पोरं इथं, कबरीवर पाणी घालायला गावाला कोण जाणार?

"तू शहरात राहून बाप विकलास!"

"काका, तो आजारी असताना तुमची बस पंक्चर झाली होती वाटतं?"

मुलानं पेटीची एक कडी धरली, काकानं दुसरी. नामुकोलो दारात येऊन उभी राहिली. तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं. विधवा म्हातारी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती, आणि तिचे डोळे कोरडे होते. शेजारची बाई पुन्हा पुन्हा कुजबुजत होती, "कालपासून ही आजी, आमची गोगो, रडली नाही. पाण्याचा घोट नाही घेतला. हिला पण घेऊन जायची वेळ येईल."

मुकुका खिडकीतून बाहेर आला, म्हातारीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या दुःखात आम्ही मनापासून सहभागी आहोत, मी आपली काय मदत करू शकतो?"

म्हातारीनं मान वर केली.

"कुणी रेडिओ लावलाय?" ती म्हणाली.

एक बाई फिस्सकन हसली आणि तोंडावर चितेंगे घेतलं.

"एवढा मोठा दवाखाना," म्हातारी कुणाकडेच न बघता बोलत राहिली, "आणि एक सोयरा नाही यांच्याकडे? माझा माणूस मेला, त्याला नावं ठेवायला कुणी नाही. असा मुक्यानं कसा जाईल तो? मेले का सगळे माकडखाऊ?"

मुकुका हलला नाही. त्यानं मान वळवून नामुकोलोकडे पाहिलं. ती ते पाहणं कधी विसरणार नव्हती. शाफ्टच्या तोंडाशी उभा राहून, पिंजऱ्यात कोण आहे हे कळेपर्यंत दोरी न ओढणारा माणूस असाच बघत असणार. नको म्हणायला तिला एक शब्द पुरला असता. तिनं तो उच्चारला नाही. उगीच कॉलरला टाचलेलं घड्याळ नीट केलं.

मुकुका खाली बसला, म्हातारीच्या पायांशी.

"गोगो, आधी सांगा. तुम्ही कुठले? कोण लोक?"

"कोण म्हणजे? जेरे. न्गोनी. ज्यांना बघून तुझा आजा झाडावर चढला तेच. खाली उतरला की नाही अजून?"

मुकुकानं मोठा श्वास सोडला. मग उठला, शवागाराचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"मग देत नाही," तो म्हणाला.

काका आणि पुतण्या दोघंही वळले. "काय?"

"देत नाही म्हातारा. आत्ता आत मला म्हणाला, मुकुका, आयुष्यभर उंदीर खाऊन दात झिजले, आता मेल्यावर तरी माणसांच्या जातीत राहू दे. मी म्हटलं राहा बाबा. बेंबाच्या घरी जागा आहे."

"तुझ्या घरी काय, माकडाचं शेपूट?" काका ओरडला, पण ओठाच्या कोपऱ्यात काही तरी हललं होतं.

"शेपूट तुला ठेवलंय. लांबचा पाहुणा ना तू? आणि हा पोरगा बघा, पेटी कशी धरलीय! अरे, कोंबडीची चोरी करताना पण दोघं दोन बाजूंनी ओढत नाहीत!"

बायका आता उघड हसत होत्या. मुकुका म्हाताऱ्यासारखा वाकून चालू लागला, एक हात पाठीवर. झाकेयो जेरेला त्यानं जिवंतपणी पाहिलं नव्हतं, पण खाणीतले सगळे म्हातारे एकाच तऱ्हेनं वाकतात. "अय्या," म्हातारी म्हणाली, "असाच. असाच चालायचा मेला."

"गप्प सगळे!" मुकुका गरजला. तीच खडी. पण सोयऱ्याच्या तोंडी ती शोभली. "मी सांगतो कुठं पुरायचं. गोगो, मला सांगा, हा उंदीरखाऊ हसायचा कुठं?"

म्हातारीनं पसरलेले पाय आखडून घेतले.

"घरामागं," ती म्हणाली. "पेरूच्या झाडाखाली शेगडी घेऊन बसायचा. मक्याची न्शिमा करपली की मला हसायचा."

"झालं तर. इथलीच माती, पेरूच्या जवळची. आणि काका, त्याची काठी तुमच्याबरोबर गावाला जाईल, बापाशेजारी पुरा. नाही म्हणायचं असेल तर बेंबाला म्हणा, बघू जमतं का."

काकानं पेटीची कडी सोडली. "सोयऱ्याला कोण नाही म्हणेल," तो पुटपुटला आणि मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनाही कुणी तरी हे ठरवून टाकायला हवं होतं, हे आत्ता नामुकोलोला दिसलं.

आणि म्हातारी रडली. आधी हसतच होती. हसता हसता आवाज फाटला, आणि मग सगळ्या रांगेनं तो उचलला, एकीकडून दुसरीकडं. नामुकोलोनं इतक्या वर्षांत पुष्कळ रडणं ऐकलं होतं. पण एवढं हायसं वाटायला लावणारं ऐकलं नव्हतं. कुणी तरी पाण्याचा पेला पुढं केला, म्हातारी घटाघट प्याली, आणि ओल्या तोंडानंच म्हणाली, "ए माकडखाऊ. तू यायचंस. खड्ड्यात आधी तू झोपायचं, माझ्या माणसाला पुरतोय का बघायला."

मुकुकानं दार उघडलं. ट्रॉली बाहेर आली तेव्हा तो तिच्या मागं अगदी हळू चालत होता.

पेटी लॉरीत चढल्यावर तो नामुकोलोच्या खोलीत आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. बाहेर लॉरीचं इंजिन सुरू होतं.

"तुम्हाला थट्टा करायची नाही असं बजावलं होतं, बा मुकुका."

तो जमिनीकडे बघत होता.

"मी वर फोन केला. म्हटलं, मीच दारात उभी होते, मी अडवलं नाही. काय विचारायचं ते मला विचारा." ती थांबली. तिचा आवाज तिला हवा तसा संथ राहीना. "आणि म्हटलं, या माणसानं आज आधी विचारलं. मग बोलला. तुम्ही राहताय. खिडकी तुमचीच."

त्याची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत होती.

"चेवा आले तर चेवांसारखं बोला. नाही जमलं तर नुसतं शेजारी बसा. फिरीबाईंनी तुम्हाला पाणी दिलं होतं ना? तसं. आणि टोंगा आले तर मला हाक मारा. त्यांच्याकडे मी बघते, ते आम्हा लोझींचे सोयरे. फार दिवस झाले, मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत."

त्यानं मान वर केली. ती वाट बघत राहिली. तिला वाटलं, आता तो ते पाठ केलेलं वाक्य म्हणेल, किंवा आभार मानेल, किंवा घंटेबद्दल काही सांगेल.

बाहेर लॉरीनं भोंगा दिला, आणि म्हातारीचा आवाज आला, "ए, झाडावर चढला का कुठं?"

मुकुकानं टोपी डोक्यावर ठेवली आणि लॉरीत चढायला बाहेर गेला.