सहीला लागणारी बॅटरी

त्या वर्षी मी शिरूरला खोली घेऊन एकटीच राहत होते. आई गेल्यापासून दौंडचं घर बंदच होतं. कामही एकटीचंच. शेतांमध्ये मातीची ओल मोजणाऱ्या डब्या बसवल्या होत्या, त्या सांभाळायच्या. जवळच्या निमोणे गावातल्या एका आबांच्या डाळिंबाच्या बागेतली डबी सारखी बंद पडायची. मग मी स्कूटी काढून जायचे आणि बॅटरी बदलायचे.

आबा पूर्वी मेंढरं राखायचे, ती त्यांनी कधीच विकली होती. बायको वारलेली, मुलं पुण्याला. मी गेले की ते आधी चहा ठेवायचे.

"एवढीशी डबी, आन् एवढी बॅटरी खाती कशी?" एकदा त्यांनी विचारलं.

"आबा, ओल मोजायला फारसं काही लागत नाही. पण हा आकडा तिचाच, वाटेत कुणी बदललेला नाही, हे पटावं म्हणून ती प्रत्येक आकड्यावर सही करते. त्या सहीचं गणित मोठं आणि डबीतली चिप लहान. ते सुटेपर्यंत ती जागी राहते. त्यातच बॅटरी उतरते."

"म्हंजी सही करूनच दमतीया व्हय!"

सही काढून टाकणं शक्य नव्हतं. त्या आकड्यांवरूनच बागेचं पाणी आपोआप सुटायचं; कुणी खोटा आकडा घुसवला, तर भलतंच पाणी सुटलं असतं. शेवटी मी प्रोग्रॅम बदलला. डबीनं दिवसभराचे आकडे साठवायचे आणि संध्याकाळी सगळ्यांवर मिळून एकच सही करून पाठवायचे. काही दिवसांनी खोलीवर बॅटरीचा आलेख उघडला, तर रेघ जवळजवळ सपाट, बॅटरी फारशी उतरतच नव्हती. फार आनंद झाला. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

तेवढ्यात आबांचा फोन आला. "ताई, डबी मेली वाटतं. दिवा लागत न्हाई."

सही चालू असताना डबीवर हिरवा दिवा लागायचा, तो आता दिवसातून एकदाच लागत होता. मी जाऊन त्यांना हे समजावलं. आबा ओट्यावर बसून ऐकत होते.

"दिसभर लुकलुकायची," ते म्हणाले. "हितनं दिसायची. बरं वाटायचं. घरात दुसरं हाय कोन?"

मी लॅपटॉप काढला आणि सही नसतानाही दिवा अधूनमधून क्षणभर लागेल, असं करून दिलं. तेवढ्यानं बॅटरीला काही फरक पडत नाही.

त्यानंतर ती डबी बंद पडली नाही. त्यामुळे निमोण्याला जायचं कारणही उरलं नाही. रोज संध्याकाळी आबांच्या बागेचे आकडे यायचे, खाली 'सही बरोबर' असं असायचं. ते वाचून मी सकाळची भाजी गरम करायचे.

एका रविवारी न राहवून गेलेच. मला बघून आबा गडबडीनं उठले.

"परत बिघडली का काय?"

"नाही आबा. सहजच आले."

त्यांनी ओट्यावर घोंगडी पसरली. मग म्हणाले, "मग बसा की. जेवूनच जावा."

भाकरी मी थापल्या. आम्ही दोघं ओट्यावरच जेवलो.