पडद्यावरचं नाव

शेजारी फुटाणे भाजले की यवतमाळची ती टॉकीज आठवते. दादा मुंबईत हिंदी सिनेमे लिहायचा. त्याचा पहिला सिनेमा लागला, तेव्हा तो आम्हाला कळंबहून एसटीने घेऊन गेला. माय नवं लुगडं नेसली होती. पडद्यावर नावं सरकली आणि लेखक म्हणून भलत्याच माणसाचं नाव आलं. मायला वाचता येत नव्हतं.

"आलं का रे तुयं नाव?"

"आलं ना माय, आत्ताच गेलं."

तिने अंधारात त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मला दादाच्या खोटेपणाचा राग आला होता.

पुढेही त्याचं नाव कधी पडद्यावर आलं नाही. आता दादाही नाही. म्हातारी माय अजून आल्यागेल्याला त्या नावाचं सांगते आणि मला विचारते, "तू तं वाचलं ना वं?"

मी म्हणते, "हो माय, वाचलं."